स्मुर्ण्याचा म्हातारा

मोरोपंतांच्या कारखान्यात मी सोळा वर्षं काम केलं, तोवर एकाही मूर्तीचा डोळा माझ्या हातून आखला गेला नव्हता.

पेणला गणपती करतात त्या जागेला कारखाना म्हणतात. तिथली माती मी मळायचो, साच्यात दाबायचो, सोंड जोडायचो, पितांबराचा रंग द्यायचो. डोळे मात्र पंतांचे. मोठी मूर्ती असली की पंत पातळ कागदावर एकच डोळा काढून देत. त्या रेघेवरून मी सुईने बारीक भोकं पाडायचो. मग तो कागद चेहऱ्यावर धरून वरून कोळशाच्या पुडीच्या पुरचुंडीने थोपटायचो. भोकांतून काळे ठिपके उमटत. उजवा डोळा झाला की कागद उलटा करायचा आणि डावीकडे थोपटायचा. दोन्ही डोळे जुळ्या भावांसारखे उतरतात. या कागदाला आम्ही खाका म्हणतो. ठिपके माझे, त्यावरची रेघ पंतांची. ती रेघ ओढली की माती देव होते, म्हणून ती कोणी ओढायची याला फार मान.

सदुसष्ट सालच्या आधीच्या दिवाळीत पंतांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. भिंतीवरचं घड्याळ त्यांना पांढरा डाग दिसायचं. ऑपरेशनला ते घाबरत होते. पुढच्या हंगामात डोळे कोण आखणार, हे कारखान्यात कोणी तोंडाने बोलत नव्हतं, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं. पंतांनी पुण्याच्या एका माणसाला पत्र टाकल्याचं माझ्या कानावर आलं होतं.

त्या दिवसांत रोह्याहून एक फादर आले. पांढरा झगा, पायांत टायरच्या चपला, काखेत छत्री. नाव फादर कायतान. मूळचे वसईचे, त्यामुळे मराठी आमच्यासारखंच. रोह्याला नदीपलीकडे एका कौलारू खोलीत त्यांचं देऊळ होतं. पुलाच्या कामावरचे काही लोक, दवाखान्यातल्या एक नर्सबाई, एसटीचे दोन मेकॅनिक अशी सगळी मिळून अकरा घरं.

"एका बिशपांची मूर्ती हवी," ते म्हणाले. "संत पॉलिकार्प. सव्वीस जानेवारी हा त्यांचा दिवस. त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी असते, म्हणून आमच्या लोकांनी हेच संत धरले."

पंत हसले. "म्हणजे झेंड्याला सलाम करून थेट तुमच्याकडे."

"तसंच."

पंतांनी माझ्याकडे तोंड फिरवलं. दिसत नव्हतं, तरी मी कुठे बसलोय ते त्यांना ठाऊक असायचं. "महिपती, ही तू कर. डोळ्यांसकट. रोह्याच्या लोकांनी हिला हात जोडले, तर हंगामात डोळे तुझे. नाहीतर पुण्याचा माणूस येतोय."

मी हातातला गोळा मळतच राहिलो. पंतांच्या पत्नी अनसूयावहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "अरे, हो तरी म्हण. फादरांना वाटेल मुका आहे."

"व्हय," मी म्हटलं.

पंधरा दिवसांत मी शाडूत मूर्ती उभी केली. उंची हातभराहून जास्तच. चेहरा तुळतुळीत, गाल भरलेले, डोक्यावर मुकुट. देवाच्या तोंडावर वय दाखवायचं नाही, हे मी पहिल्या दिवसापासून शिकलेलो. माती ओली असतानाच फादर बघायला आले. त्यांनी मूर्तीभोवती एक फेरी मारली.

"छान आहे," ते म्हणाले. "पण हे कोण?"

पंत खदखदून हसले. मी मान खाली घातली.

"रागावू नकोस," फादर माझ्याजवळ खाली जमिनीवरच बसले. "माझी चूक. त्यांची गोष्ट मी तुला सांगितलीच नाही. ते म्हातारे होते, महिपती. धरून नेलं तेव्हा शहाऐंशी वर्षांचे."

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. मी ती तेव्हा ऐकली तशीच लिहितो.

समुद्रकाठी स्मुर्णा नावाचं शहर होतं. तिथे रोमच्या बादशहाचं राज्य. पॉलिकार्प तिथले बिशप, म्हणजे त्या गावच्या ख्रिस्ती माणसांचे वडील. प्रभूला डोळ्यांनी पाहिलेल्या माणसांपाशी ते लहानपणी शिकले होते, असं त्यांचे शिष्य सांगत. बादशहाला देव माना, नाहीतर मरा, असा हुकूम निघाला. लोकांनी बिशपांना गावाबाहेर एका शेतघरात लपवलं. शिपाई माग काढत घोड्यांवरून आले, हत्यारं घेऊन, जसं दरोडेखोराला धरायला यावं. बिशप माडीवर होते. मागून पळून जाता आलं असतं. ते गेले नाहीत. जिना उतरून खाली आले, आणि घरच्यांना म्हणाले, या माणसांना जेवायला वाढा. हवं तेवढं.

"कोणाला?" अनसूयावहिनींनी विचारलं. त्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"शिपायांना."

"धरायला आलेल्यांना?"

"हो. आणि म्हणाले, तुम्ही जेवा, तोवर मला तासभर प्रार्थना करू द्या. ते उभे राहिले ते दोन तास उभेच. आयुष्यात भेटलेल्या एकेका माणसाची आठवण काढत होते. थोरांची, साध्यांची. ते ऐकून शिपायांना वाटलं, अशा माणसाला धरायला आपण का आलो."

वहिनींच्या सुपातला हात थांबला होता. "त्या घरातल्या बायकांनी तरी काय केलं असेल," त्या हळूच म्हणाल्या. "एवढ्या माणसांचा स्वयंपाक, आणि तोही अशा वेळी."

फादरांनी त्यांच्याकडे पाहिलं. "इतकी वर्षं ही गोष्ट सांगतोय, पण त्या बायका माझ्या मनात कधी आल्या नाहीत."

पुढे त्यांना गाढवावर बसवून शहरात नेलं. वाटेत मोठ्या अंमलदाराने आपल्या गाडीत घेतलं, एवढं म्हण, तेवढं म्हण, सुटशील, असं समजावलं. ऐकेनात म्हणून गाडीतून ढकलून उतरवलं. नडगी सोलली गेली. म्हाताऱ्याने मागे वळून पाहिलं नाही. काही झालंच नाही असा ताठ चालत गेला. मैदानात हजारो माणसं ओरडत होती. सुभेदार म्हणाला, तुझ्या ख्रिस्ताला शिवी दे, मी तुला सोडतो. तेव्हा त्यांनी सांगितलं, शहाऐंशी वर्षं मी त्याची सेवा केली, त्याने माझं कधी वाईट केलं नाही. मग माझ्या धन्याला मी शिवी कशी देऊ?

पंतांचे ते पांढरट डोळे उघडेच होते.

"मग?" पंतांनी विचारलं.

"मग जाळायचं ठरलं. खांबाला खिळे ठोकू लागले तर म्हणाले, खिळे नकोत, आग सोसायचं बळ ज्याने दिलं तोच मला उभं ठेवील. आग पेटली. बघणाऱ्यांनी सांगितलं की ज्वाळा त्यांच्या अंगाला लागल्याच नाहीत. गलबताचं शीड वाऱ्याने फुगावं तशा त्या चहूकडून फुगून राहिल्या आणि म्हातारा मधे उभा. शेवटी खंजिराने मारलं. त्यांच्या माणसांनी हाडं गोळा केली, नीट पुरली, आणि दर वर्षी त्या दिवशी तिथे जमायचं ठरवलं."

धरमतरच्या खाडीत मी फुगलेलं शीड कितीदा पाहिलं होतं. त्या शिडाच्या जागी मी आग ठेवून बघितली.

"हे झालं कधी?" मी विचारलं.

"अठराशे वर्षं झाली."

"आणि तुम्हास्नी कळलं कसं? नडगी सोलली, हे पण?"

"स्मुर्ण्याच्या लोकांनी पत्र लिहिलं ना. शेजारच्या गावाला. त्यांनी नक्कल करून पुढच्या गावाला धाडलं. असं करत करत."

पोस्टमन रोज आमच्या दारावरून जायचा. माझ्या नावाचं पत्र कधी आलं नव्हतं, आलं असतं तरी वाचलं कोणी असतं? आणि एका म्हाताऱ्याच्या नडगीची साल अठराशे वर्षं पत्रातून चालत पेणपर्यंत आली होती. मी माझ्या पायाकडे बघत राहिलो.

फादर गेल्यावर मी तो चेहरा मोडला. मुकुट काढून मातीच्या ढिगात टाकला. पण म्हातारं तोंड करायला हात वळेना. सोळा वर्षं देवांच्या गालांवरून फिरलेला हात तो.

शेवटी मी कासूला गेलो. तिथे माझ्या आईचे वडील, हैबतराव आजा, नव्वदीला टेकलेले. अंगणात उन्हाला बसले होते. समोर पाटावर ओली माती घेऊन मी बसलो.

"काय करतंस रं?"

"तुझं तोंड काढतंय."

"गणपती करनार माझा?"

"नाय. ख्रिस्ती साधू हाय एक."

आजा दात नसलेलं तोंड उघडून हसला. "आता या वयात बाटवतंस व्हय मला? तुझी आजी वर बसून बोंबलंल."

मी काम करत राहिलो. डोळ्यांखालच्या पिशव्या, कपाळावरच्या आडव्या घड्या, गळ्याची सैल कातडी. मग मला राहवलं नाही. "आजा, समज, हत्यारं घेऊन शिपाई आलं तुला धराया. काय करशील?"

"कुठनं आलंन?"

"लांबनं. घोड्यावरनं."

आजाने थोडा विचार केला. "मग आधी पानी विचारीन," तो म्हणाला. "घोड्यांना पन."

माझा हात तिथेच थांबला. आजाला फादरांची गोष्ट ठाऊक नव्हती. त्याला पॉलिकार्प हे नावसुद्धा म्हणता आलं नसतं. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तेव्हा मला दिसलं की मी काय घडवायचं आहे.

परत येऊन मी मूर्ती उभी केली. साधा अंगरखा, उघडं डोकं, जिना उतरून आल्यासारखा एक पाय पुढे, उजवा हात पुढे केलेला, जणू बसा म्हणतोय. अंगरख्याच्या आत, कोणाला दिसणार नाही अशा जागी, डाव्या नडगीवर मी नखाने एक ओरखडा काढला. साचा घेतला, प्लास्टरमध्ये मूर्ती ओतली. आमच्या मूर्ती दहा दिवसांत पाण्यात जातात. ही जाणार नव्हती. माझं काम माझ्यामागे उभं राहणार, हा विचार मला नवा होता, आणि मी त्याला थोडा घाबरलोही. प्लास्टरच्या पायावर तो ओरखडा मी पुन्हा नीट कोरला.

डोळे मी खाक्याशिवाय आखले. म्हाताऱ्या माणसाचे दोन डोळे जुळे नसतात, हे मी आजाकडे पाहून शिकलो होतो. रंग वाळल्यावर पंतांनी चेहऱ्यावरून बोटं फिरवली. घड्यांवरून, पिशव्यांवरून, सावकाश.

"हा जिवंत आहे," ते म्हणाले. एवढंच.

राहिली होती अक्षरं. फादरांनी कागदावर मोठ्या अक्षरांत एक ओळ लिहून दिली होती: शहाऐंशी वर्षे सेवा केली. बैठकीच्या उजव्या बाजूला आणि डाव्या बाजूला, दोन्हीकडे तीच ओळ हवी होती. खोलीत एकीकडे बायका बसत, एकीकडे पुरुष, सगळ्यांना दिसावी म्हणून. न्यायच्या आदल्या दिवशी मी ते काम काढलं. वहिनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेल्या होत्या, पंत ओटीवर पडले होते. मी ओळीवरून सुईने भोकं पाडली. उजवीकडे कागद धरला, थोपटलं, सोनेरी रंगाने रेघा भरल्या. एकही ठिपका सुटला नाही. मग कागद उलटा केला, डावीकडे धरला, थोपटलं, भरलं. मागे सरून पाहिलं. दोन्ही बाजू एकमेकींशी अशा जुळल्या होत्या की मला माझाच अभिमान वाटला.

मूर्तीला पेंढा आणि गोणपाट गुंडाळून मी भाताच्या ट्रकमधून निघालो. गडब, नागोठणे, रोहे. सबंध रस्ताभर मी मूर्ती मांडीशी धरून बसलो होतो.

सव्वीस जानेवारीला सकाळी शाळेवर झेंडा लागला. मग अकरा घरांतली माणसं त्या खोलीत जमली. फादरांनी वरचं कापड काढलं. एसटीच्या एका मेकॅनिकने टोपी काढली आणि हातात चुरगाळली. नर्सबाई पुढे आल्या, त्या पुढे केलेल्या हातासमोर उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. मी दाराशी उभा होतो. हात जोडले होते सगळ्यांनी. मला वाटलं, झालं. डोळे माझे झाले.

नर्सबाईंनी उजवीकडची ओळ मोठ्याने वाचली. मग डावीकडे गेल्या आणि अक्षरांजवळ वाकल्या.

"फादर, हे उलटं आहे," त्या म्हणाल्या.

माणसं डावीकडे वाकली. कोणीतरी हसलं, कोणीतरी त्याला गप्प केलं.

"उलटं कुठं?" मी पुढे आलो. "शिरावरची रेघ वरच हाय. नीट बघा."

"नाही हो, आरशात दिसतं तसं आहे. मागून पुढे."

मी बघितलं. मला काहीच कळलं नाही. दोन्ही बाजू सारख्या होत्या. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी ओळीकडे. मग फादरांनी खालच्या आवाजात विचारलं, "महिपती, वाचता येतं का तुला?"

"नाय," मी म्हटलं. "डोळ्यावाणी केलं. उजवा, मग डावा."

माझी मान वर होईना. एवढी माणसं, त्यांचा एवढा मोठा दिवस, आणि त्यांच्या संताच्या पायाशी मी हे करून ठेवलं होतं. पुण्याचा माणूस मला डोळ्यांसमोर दिसू लागला. मी म्हटलं, "मी खरवडून काढतो. आता काढतो. मग जातो."

फादरांनी माझा दंड धरला. "आधी जेव," ते म्हणाले.

त्यांनी मला बाकावर बसवलं आणि नर्सबाईंनी माझ्यासमोर पान मांडलं. तांदळाची भाकरी, वाल, तळलेला बोंबील. सगळी उभी होती आणि मी एकटा जेवत होतो. त्या म्हाताऱ्याचा पुढे केलेला हात माझ्याच दिशेला होता. मीच घडवलेल्या माणसाने मला जेवायला वाढलं होतं, असं मला वाटलं, आणि अजूनही वाटतं.

जेवून झाल्यावर फादर म्हणाले, "खरवडायचं नाही. तू वाचायला शीक. शिकलास की ये आणि स्वतः नीट कर. तोवर असंच राहील."

"लोक हसतील."

"हसू देत. ते बिशप त्याहून मोठ्या गर्दीपुढे उभे राहिलेत."

पेणला येऊन मी पंतांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला.

"डोळ्यांना कोणी काही म्हणालं?" पंतांनी विचारलं.

"नाय. नर्सबाई रडल्या."

"खाका उलटा करायला तुला मी शिकवलं," पंत म्हणाले. "अक्षराचा खाका उलटा करायचा नसतो, हे सांगायला हवं होतं. सोळा वर्षं तू माझ्यासमोर बसलास, आणि तुला वाचता येतं का हे मी विचारलंसुद्धा नाही." मग वहिनींकडे तोंड करून म्हणाले, "पुण्याला नको म्हणून कळवा."

मग ऑपरेशनला ते तयार झाले. त्या वर्षीचे डोळे मी आखले.

दुपारच्या वेळी वहिनी मला अक्षरं शिकवू लागल्या. मी छत्तीस वर्षांचा होतो. ब्रशने कुठलंही अक्षर मी त्यांच्यापेक्षा देखणं काढायचो, पण ते काय बोलतं ते मला ऐकू येत नव्हतं. वहिनी चिडायच्या. "अरे, तो द आहे. त्याला सोंड नको लावू." एका अक्षरापुढे दुसरं ठेवल्यावर शब्द होतो, हे कळायला मला एक वर्ष लागलं. वाचता यायला आणखी दोन.

सत्तर सालच्या सुरुवातीला पोस्टमन आमच्या दारात थांबला. कार्डावर माझं नाव होतं. ते मी ओटीवर बसून, बोट ठेवून, स्वतः वाचलं. फादरांनी लिहिलं होतं की रोमहून निरोप आला आहे, आता संत पॉलिकार्प यांचा दिवस तेवीस फेब्रुवारी झाला. आणि खाली, हे वाचता आलं असेल तर ये.

मी गेलो. फादर थकले होते, काठी आली होती. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी उजवीकडे बोट दाखवलं. "वाच."

मी वाचलं. शहाऐंशी. वर्षे. सेवा. केली. ही ओळ मी सुईने टोचली होती, रंगाने भरली होती, आणि आज पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली. मी वर पाहिलं. म्हातारा तसाच उभा होता, हात पुढे करून. तो हे बोलला तेव्हा कोणीतरी ऐकलं, कोणीतरी लिहिलं, आणि ते इतक्या हातांतून येऊन माझ्या तोंडातून निघालं होतं. मी खाली बसलो.

मग डावीकडे मी पांढरा रंग दिला, तो वाळेपर्यंत थांबलो, आणि खाक्याशिवाय, एकेक अक्षर तोंडाने म्हणत, ओळ पुन्हा लिहिली. वर्षेची मात्रा जरा वाकडी गेली. पुसू का, म्हणून मी फादरांकडे पाहिलं.

"राहू दे," ते म्हणाले. काठी टेकत ते उठले आणि आतल्या दाराकडे गेले. "हात धू. मी पान मांडतो."